वाघदेव

वाघदेव : महाराष्ट्रातील आदिवासींचे एक लोकदैवत. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या रांगांत राहणारे भिल्ल, तसेच सह्याद्रीच्या पट्ट्यातील कोकणा, वारली, ठाकूर, महादेव कोळी इ. जमाती त्याची पूजा करतात. गावाच्या शिवेवर वा रानवाटेवर उभा केलेला लाकडी अगर दगडी फलक हे त्याचे एक प्रचलित रूप होय. फलकावर वाघाबरोबर सूर्य, चंद्र व नाग कोरलेले आढळतात व त्यास शेंदूर लावतात. कोंबडा, बोकड वा नारळ अर्पून आणि मोहाच्या दारूची धार सोडून माणसांच्या व गुरांच्या रक्षणाची विनवणी केली जाते.

या पूजेच्या मुळाशी भीती असली, तरी तिचा आशय एका कराराचा आहे : वाघाने शीव ओलांडू नये आणि माणसाने त्याचा मान राखावा. सह्याद्रीच्या पट्ट्यात आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस पाळतात. काही गावांत गुराखी मुले एकास वाघाचे सोंग देऊन लुटुपुटीने पळवून लावतात.

हिंस्र प्राण्याशी सख्य जोडण्याची कल्पना इतरत्रही आढळते. यूरोपीय आख्यायिकेत संत जॉर्ज ड्रॅगनचा वध करतो. परंतु ब्रिटिश लेखक केनेथ ग्रॅहम (१८५९–१९३२) याने ‘द रिलक्टंट ड्रॅगन’ (१८९८) या बालकथेत ती कथा उलटी फिरविली. तीत मेंढपाळाचा मुलगा काव्यप्रेमी ड्रॅगनशी मैत्री करतो आणि संत व ड्रॅगन आधी ठरवून खोटी लढाई खेळतात. वाघबारशीच्या सोंगाशी तिचे साम्य लक्षणीय आहे. मात्र ग्रॅहमचा ड्रॅगन मुळातच निरुपद्रवी आहे. वाघदेवाचे उपासक ज्याच्याशी सख्य जोडतात, तो वाघ खराखुरा हिंस्र आहे.

या सख्याचा अर्थ अहिंसा असा नव्हे. १८१८ मध्ये खानदेशात ब्रिटिश सत्ता आली. १८२५ मध्ये खानदेश भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम (१८०३–६३) याने भिल्लांना बरोबर घेऊन वाघांच्या शिकारी केल्या आणि त्यांतूनच त्यांचा विश्वास संपादन केला. पुढे शिकार, सरकारी बक्षिसे व जंगलतोड यांमुळे वाघांचा ऱ्हास झाला. वन्यजीव संरक्षण कायदा (१९७२) व व्याघ्र प्रकल्प (१९७३) यांमुळे सातपुड्याच्या पूर्वेकडील मेळघाटात वाघ टिकून राहिला. पश्चिम टोकाच्या नंदुरबारमध्ये आता प्रामुख्याने बिबट्याचाच वावर आहे.

सरदार सरोवराच्या जलाशयामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. वाघदेवाचे स्थान शिवेशी निगडित असल्यामुळे गावाची शीव बुडणे म्हणजे केवळ जमीन जाणे नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या त्या कराराची जागाच नाहीशी होणे होय. ज्या ज्या गावी अद्याप वाघदेवाची पूजा होते, तेथे ती प्रत्यक्ष वाघ नसतानाही रान व गाव यांमधील मर्यादेचे स्मरण म्हणून टिकून आहे.