बरणीतल्या उन्हाची कुळकथा

हरितगृह परिणामाचा घरगुती प्रयोग दोन बरण्यांत उरकतो. दोन्हींत काळा कागद आणि एकेक तापमापक ठेवायचा, एकीवर काचेचे झाकण, दुसरी उघडी. नंदुरबारच्या मेमधल्या उन्हात झाकलेल्या बरणीतला पारा बघता बघता पुढे निघून जातो.

या बरणीचा मूळ पुरुष जिनिव्हाचा होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर. १७६७ साली त्याने काचेच्या पाच पेट्या एकात एक बसवून उन्हात ठेवल्या, तेव्हा सर्वांत आत ८७.५ अंश सेल्सियस तापमान मिळाले. फ्रेंच गणितज्ञ फूरियेने १८२४ मध्ये पृथ्वीच्या उबेचा विचार करताना याच पेटीचा दाखला घेतला. तिची एक शाखा मुंबईतही आली: विल्यम ॲडम्सने इथल्या उन्हावर सात शिपायांचे जेवण शिजवले आणि १८७८ साली त्यावर पुस्तक छापले.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिसळून एका बरणीत कार्बन डायऑक्साइड भरण्याचा जो प्रकार मुले करतात, त्याची पणजी अमेरिकेची युनिस फूट. १८५६ साली तिने काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून उन्हात ठेवले. साधी हवा १०६ अंश फॅरेनहाइटवर थांबली, कार्बन डायऑक्साइड १२५ वर पोचला. तिचा निबंध शास्त्रज्ञांच्या सभेत वाचला मात्र भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीने.

मग १९०९ साली भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडने बरणी आणि वातावरणाच्या तुलनेतला घोळ उघड केला. त्याने एका पेटीवर काच, दुसरीवर सैंधवाची पाटी बसवली. काच उष्णताकिरण अडवते, सैंधव सोडून देते. तरीही दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. म्हणजे बरणी तापते ती मुख्यतः आतली गरम हवा निसटू न दिल्याने. वातावरणाला असे झाकण नाही. तिथे बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड जमिनीने सोडलेली उष्णता शोषतात व तिचा काही भाग खाली परत धाडतात. तुलना लंगडी असूनही नाव काचघराचेच चिकटले.

झाकणाचे खरे काम नंदुरबारची मिरची चटकन दाखवते. पथारीवर उघड्यावर पसरलेली लाल मिरची ऊन आणि वारा दोन्ही खाऊन वाळते. तीच ओली मिरची झाकलेल्या बरणीत ठेवली, तर थोड्या वेळात काचेला आतून घाम सुटतो आणि मिरची ओलीच राहते. सौर वाळवणी यंत्राला हवा बाहेर जाण्याची वाट ठेवतात ती त्यासाठीच.