कातळाचे माप

भूशास्त्रज्ञ कड्याचे छायाचित्र काढतात तेव्हा कातळाला हातोडी टेकवून ठेवतात, नाहीतर एखादे नाणे. नुसत्या दगडाकडे पाहून तो वीतभर आहे की वीस पुरुष उंच, हे सांगता येत नाही, म्हणून ही सोय. झाडाचे तसे नाही. पान केवढे, यावरून झाड केवढे ते कळते. दगडाला मात्र स्वतःचे माप नसते. बागेत छोटी रेल्वे मांडणाऱ्या माझ्यासारख्यांचा सगळा व्यवहार दगडाच्या या एका गुणावर चालतो. रुळांशेजारी हातभर उंचीचा कडा उभा करायचा आणि पाहणाऱ्याने त्याला सह्याद्री म्हणायचे!

या छंदाला वंशावळ आहे. इंग्लंडातल्या बेकन्सफील्ड गावी रोलंड कॅलिंगहॅम नावाच्या अकाउंटंटने स्वतःच्या बागेत बेकन्सकॉट हे चिमुकले गाव वसवले आणि १९२९ मध्ये ते लोकांना पाहायला खुले केले. गावातून रेल्वे फिरत होती, त्यामुळे टेकड्या आणि खडक ओघानेच आले. पुढे १९६८ मध्ये न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने ‘एलजीबी’ ही ऊनपावसात टिकणारी गाडी बाजारात आणली. तिच्या रुळांमधले अंतर ४५ मिलिमीटर. गाडी कारखान्यात तयार मिळू लागली, पण डोंगर ज्याचा त्यालाच मिळवावा लागतो. तो कुठून आणायचा, हा प्रश्न गाडीपेक्षा जुना आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज बागांना खडकाचे वेड लागले होते. ज्यांच्या परगण्यात दगड नव्हता, त्यांना तो दुरून वाहून आणणे परवडेना. या अडचणीतून हर्टफर्डशरच्या पुलहॅम घराण्याचा धंदा उभा राहिला. त्यांच्या अनेक पिढ्यांतल्या कर्त्या पुरुषाचे नाव जेम्सच. विटांचे तुकडे आणि डबर रचून ते गाभा करत, त्यावर सिमेंटचा गिलावा चढवत आणि तो ओला असतानाच थर, भेगा, झीज असे सारे हाताने कोरत. या मालाला ‘पुलहॅमाइट’ हे नाव पडले. लंडनच्या बॅटरसी पार्कमधला त्यांचा खडक आजही उभा आहे. तिथे जमिनीखाली गाळ आहे आणि वर हा डौलदार कडा. तरी पाहणाऱ्याला शंका येत नाही.

पुढे अभिरुची पालटली. रेजिनाल्ड फॅररने १९०७ मध्ये ‘माय रॉक गार्डन’ हे पुस्तक लिहिले आणि जमिनीत दगड उभे खोचून ठेवणाऱ्यांची यथेच्छ टर उडवली. डोंगरात दगड जसा थरांनी बसलेला असतो तसाच तो बागेत बसावा, हे त्याचे म्हणणे रास्तच होते. पण खऱ्या दगडाच्या या हौसेची किंमत दुसरीकडे मोजली गेली. यॉर्कशर आणि कंब्रियात हिमनद्यांनी घासून उघडी पाडलेली चुनखडीची नैसर्गिक फरसबंदी आहे. हजारो वर्षांच्या पावसाने तिच्यात खोल भेगा पाडल्या, दगडांच्या कडा गोल केल्या. त्या भेगांच्या सावलीत नेचे वाढतात. पाण्याने झिजलेला हा देखणा दगड बागांसाठी उचलला जाऊ लागला. हिमयुगाने एकदाच केलेली ही वस्तू पुन्हा तयार होणारी नव्हती. अखेर १९८१ च्या वन्यजीव कायद्यात तिला संरक्षण द्यावे लागले. पुलहॅमांच्या नकलेला कोणी काहीही म्हणो, त्यांनी कुठले पठार सोलले नाही.

मराठी वाचकाला पुलहॅमांची कृती ओळखीची वाटली असेल. दिवाळीत महाराष्ट्रातली मुले अंगणात किल्ला करतात तो असाच. विटा-दगड रचायचे, मातीच्या रबड्यात बुचकळलेले गोणपाट वर टाकायचे, पडलेल्या चुण्यांना कडे म्हणायचे आणि उतारावर हळीव नाहीतर मोहरी पेरायची. चार दिवसांत हिरवळ येते. मावळा बुरुजाएवढा असतो, पण त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

मला मात्र मापाची तक्रार आहे, कारण मला बोरघाट करायचा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रुळ साडेपाच फुटी, म्हणजे १,६७६ मिलिमीटर. तो ४५ मिलिमीटरच्या रुळावर बसवला की माप साधारण १:३७ येते. गंमत अशी की घाटातली सर्वांत अवघड चढणही ३७ फुटांत एक फूट अशीच होती. या मापात लाव्ह्याचा १५ मीटर जाडीचा थर ४० सेंटिमीटरचा होतो. कुंडीच्या रांगेमागे तो बसतो.

दगड म्हणून बेसाल्ट या कामाला फार सोयीचा. त्याचे कण इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे तुकडा कड्यासारखाच दिसतो. हंपीकडच्या ग्रॅनाइटचे तसे होत नाही. त्यातले स्फटिक डोळ्यांना दिसतात आणि ३७ पटींनी वाढवून पाहिले की शिळांएवढे होतात. पण आमच्या खाणीतला ताजा दगड निळसर काळा असतो आणि घाटातला कडा पावसाने तपकिरी झालेला. हवा तो रंग हवा असेल तर डोंगरावरूनच दगड उचलावा लागेल, आणि डोंगरांना आधीच क्रशर लागलेले आहेत. म्हणून मी पुलहॅमांच्या वाटेने जातो. सिमेंट, वाळू, कोकोपीट आणि थोडा लोखंडी गेरू. ओल्या पोत्याखाली आठवडाभर मुरवले की कातळ तयार.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम करतो. बोरघाट निसर्गाने आयता दिलेला नाही. १८५६ ते १८६३ या काळात तो फोडला गेला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल कामावर येताच आजाराने वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट निभावून नेले. तिचे नाव इतिहासात नोंदलेले आहे. पटकीने आणि अपघातांनी हजारोंनी मेलेल्या मजुरांची नावे नाहीत. उभ्या कड्यावर पाय ठेवायला जागा नसे, तेव्हा माणसे दोराला लटकून पहारीने सुरुंगाची छिद्रे पाडत.

बागेतले डोंगर बहुधा रम्य केले जातात: शेवाळ, नेचे, एखादा धबधबा. त्यात गाडी आली की जणू डोंगराने आपण होऊन तिला वाट दिली असे वाटते. मी रुळांच्या बाजूचा गिलावा ओला असतानाच विणकामाच्या सुईने त्यात उभ्या रेषा ओढतो, एकेक छिद्राची. घरी आलेल्या पाहुण्यांना तो सिमेंटचा दोष वाटतो. मी सांगतो, दोष नाही, या रेषा माणसांनी पाडल्या आहेत; वरून दोर होता असे समजा.