मिरजेचा सांधा

 मिरजोळे आणि मिरज ही नावं कानाला बहिणीबहिणींसारखी लागतात, पण दोघींच्या मध्ये सह्याद्री उभा आहे. आपली कोकण रेल्वे सलग धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ पासून. त्याआधी रत्नागिरीहून घाटावरची आगगाडी धरायची, तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागे. कोल्हापूरहून निघालं की पहिलं मोठं जंक्शन मिरज. आज आम्ही त्या जंक्शनची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट रेल्वेची असली, तरी तिच्यात धान्य आहे, पाणी आहे आणि आपला जीवही आहे.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसं आणि गुरं मेली. दुष्काळी मुलखात धान्य वेळेत पोचावं, म्हणून रेल्वे वाढवायचं ठरलं. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. १८९० पर्यंत पुण्याहून मिरज, बेळगाव करत लोंढ्यापर्यंत रूळ पडले. हे रूळ मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांत जेमतेम सव्वातीन फुटांचं अंतर. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानाने आपला फाटा मिरजेला आणून जोडला. १९२७ मध्ये पंढरपूरकडून बार्शी लाईट रेल्वे आली. तिचे रूळ अवघ्या अडीच फुटांचे. पुढे १९७१ च्या सुमारास पुण्याकडून साडेपाच फुटी ब्रॉड गेज आली आणि कित्येक वर्षं मिरजेत तिन्ही मापांचे रूळ एकत्र नांदले.

आपल्या घरात एका डब्याचं झाकण दुसऱ्या डब्याला बसत नाही, तसंच हे. एका मापाची गाडी दुसऱ्या मापाच्या रुळांवर जात नाही. मग मिरजेत उतारूंनी बोचकी घेऊन गाडी बदलायची आणि हमालांनी पोती एका वाघिणीतून काढून दुसरीत भरायची. वेळ जाई, मजुरी लागे, माल सांडे.

जंक्शनवर दुसरी काळजी असते ती टकरीची. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जिथे वळते, त्या जागेला सांधा म्हणतात. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे, असं झालं तर अनर्थ. पूर्वी हे सगळं माणसाच्या लक्षावर चाले. १८५६ मध्ये इंग्लंडात जॉन सॅक्सबी यांनी सांधे आणि सिग्नल एकमेकांत अडकवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. मोठ्या स्टेशनांजवळ रुळांच्या कडेला उंच केबिन असायची. आत लोखंडी खटक्यांची रांग. आधी सांधा बसवायचा, मग तो कुलूपबंद करायचा आणि मगच सिग्नल पडायचा. क्रम चुकला, तर खटका जागचा हलतच नसे. एका गाडीला वाट दिली, की तिला आडवी जाणारी दुसरी वाट आपोआप बंद. पुढे खटक्यांच्या जागी बटणं आली. भारतात तशी पहिली सोय १९५८ मध्ये मुंबईत चर्चगेटला झाली. साधन बदललं, नियम तोच राहिला.

आता २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच लाख लिटर पाणी लातूरला पोचलं. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या गेल्या. हे जमलं, कारण त्याआधीच्या काही वर्षांत मिरज ते लातूर हा अडीच फुटी मार्ग ब्रॉड गेज झाला होता. जुने रूळ असते, तर कुर्डुवाडीच्या वाटेने ही मोठी गाडी गेलीच नसती. दुष्काळासाठी रूळ टाकलेल्या मिरजेतूनच, सव्वाशे वर्षांनी, तहानलेल्या गावाला पाणी गेलं.

पण मैत्रिणींनो, कुलूप शहाणं असलं तरी ते सांभाळणारा हात प्रामाणिक हवा. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ सिग्नल सरळ वाटेचा होता आणि सांधा बाजूच्या वाटेला लागलेला. त्या वाटेवर मालगाडी उभी होती. चौकशीत निघालं, की दुरुस्तीच्या कामात तारांची जोडणी चुकली होती. जवळजवळ तीनशे माणसं गेली. यंत्राने दगा दिला नाही. काम झाल्यावर नीट तपासून पाहिलं गेलं नाही.

यातलं आपल्या रोजच्या उपयोगाचं एक सांगतो. बऱ्याच ठिकाणी रेल्वेचं फाटकही याच कुलपात अडकवलेलं असतं. फाटक बंद होऊन कुलूप बसल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. म्हणजे फाटक बंद दिसलं, की गाडीला वाट दिली आहे किंवा आता देणार आहेत. यंत्राला फाटक कळतं. फाटकाखालून वाकून जाणारी बाई, तिच्या डोक्यावरची पाटी, तिचं बोट धरलेलं लेकरू त्याला कळत नाही. कुणाचे तरी जीव गेल्यावर माणसाने हे कुलूप घडवलं. दोन मिनिटं वाचवायला आपण त्याच्याबाहेर पाऊल टाकू नये. पुढच्या बैठकीत हे पोरींना आणि सुनांनाही सांगा.