प्रस्तावनेत राहिलेलं शिवचरित्र

साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांची यादी वाचताना साठच्या दशकात जरा थांबावं लागतं. 1964 साली रणजित देसाईंची ‘स्वामी’, 1965 साली पुलंचं ‘व्यक्ती आणि वल्ली’. ही दोन्ही पुस्तकं लोक अजून वाढदिवसाला भेट देतात. 1966 साली मात्र ‘श्रीशिवछत्रपति’, लेखक त्र्यंबक शंकर शेजवलकर. हे पुस्तक कुणी कुणाला भेट दिल्याचं मी ऐकलेलं नाही. दुकानदाराकडे मागितलं तर तो हमखास दुसरंच एखादं शिवचरित्र पुढे करतो. आणि खरं सांगायचं तर हे शिवचरित्र नाहीच. संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधनं, एवढाच त्याचा ऐवज. मुंबईच्या मराठा मंदिराने ते 1964 मध्ये प्रसिद्ध केलं. शेजवलकर त्याआधीच, 28 नोव्हेंबर 1963 ला वारले होते. पुरस्कार मिळाला तो लिहून न झालेल्या चरित्राच्या तयारीला.

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मराठ्यांचा इतिहास शिकवत असे. दर जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे, कुणीतरी मुलगा विचारायचाच, ‘सर, पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर?’ मी त्याला उलट विचारायचो, ‘त्या दिवशी छावणीत दाणा किती होता रे?’ वर्ग हिरमुसायचा. मुलांना गोळी हवी असे, दाणा नको असे. हा प्रश्न माझा नव्हे, शेजवलकरांकडून उचललेला. त्यांचं ‘पानिपत : 1761’ मी वर्गात घेऊन जायचो. परीक्षेच्या दृष्टीने ते निरुपयोगी होतं, आणि गाइडं वाचणाऱ्या मुलांनी मला तसं सांगितलंही.

शेजवलकर मूळचे राजापूर तालुक्यातल्या कशेळीचे, जन्म 1895 चा. कशेळी म्हणजे कनकादित्याचं गाव. शिलाहार राजा भोजाचा ताम्रपट तिथे आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी ‘कोकणच्या इतिहासाची पार्श्वभूमी’ लिहिली, तिचं मला म्हणूनच नवल वाटत नाही. कोकणातला माणूस पुण्यात कितीही वर्षं राहिला तरी घाटाखालचा हिशेब मनातून काढत नाही. (मीही त्यातलाच.)

प्रस्तावना लिहिण्याची चाल आपल्याकडे राजवाड्यांनी पाडली. 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात पानिपतच्या काळातली पत्रं होती, आणि त्यांच्या पुढे राजवाड्यांचं लांबलचक विवेचन. पत्रं अभ्यासकांनी वाचली, विवेचनावर मात्र सगळा महाराष्ट्र भांडला. शेजवलकर ह्याच घराण्यातले. रियासतकार सरदेसायांच्या ‘नानासाहेब पेशवे’ ह्या भागाला त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि तिथून त्यांचं नाव झालं. दुसऱ्याच्या पुस्तकाच्या दारात उभं राहून स्वतःचं मत ठणकावून सांगायचं, हे धाडस आज प्रकाशकही खपवून घेणार नाही आणि मूळ लेखकही. सरदेसायांनी घेतलं, हा त्यांचा मोठेपणा. पुढे ‘प्रगती’ नावाचं साप्ताहिक काढून शेजवलकर तीनेक वर्षं लिहीत राहिले. इतिहासावर लिहिताना त्यांच्या लेखणीला जी धार दिसते, ती साप्ताहिकाच्या ह्या दिवसांत लागली असावी, असं माझं मत.

1939 साली येरवड्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. ब्रिटिश सरकारने ते पाच वर्षांपूर्वी बंद केलं होतं. ज्यांना नव्याने नेमलं ती माणसं पाहिली की आज हेवा वाटतो: पुरातत्त्वाला सांकळिया, समाजशास्त्राला इरावती कर्वे, भाषाशास्त्राला कत्रे आणि मराठ्यांच्या इतिहासाला शेजवलकर. रावबहादुर पारसनीसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रहही त्याच सुमारास तिथे आला, आणि त्यात मेणवलीचं दप्तर होतं, म्हणजे नाना फडणविसांचे कागद. मोडीतल्या त्या पत्रांतून शेजवलकरांनी नागपूरकर भोसल्यांविषयीची निवडली आणि ती 1954 आणि 1959 मध्ये दोन खंडांत छापून निघाली. कॉलेजात ते रीडर होते, आणि 1955 पर्यंत तिथेच राहिले.

‘पानिपत’ आधी इंग्रजीत निघालं, 1946 साली. मराठीत यायला लढाईची द्विशताब्दी उजाडावी लागली, म्हणजे 1961. इंग्रजी पुस्तकाच्या आधीच पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड अभ्यासकांच्या हाती आलेले होते. जदुनाथ सरकारांनी पानिपतवर लिहून ठेवलं होतं, आणि पुण्यातल्या मंडळींना ते पटत नव्हतं. पुण्यातल्या अनेकांनी सरकारांना उत्तर दिलं ते अभिमानाच्या भाषेत. शेजवलकरांचाही अभिमान कमी नव्हता, मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब ह्यांची बाजू ते हिरिरीने मांडतात, पण त्यांचं उत्तर वाचायला बसलात तर नकाशा उघडावाच लागतो.

तो नकाशा असा. 1760 च्या ऑगस्टमध्ये भाऊंनी दिल्ली घेतली. 17 ऑक्टोबरला यमुनाकाठचं कुंजपुरा घेतलं; तिथे अब्दालीसाठी साठवलेलं धान्य हाती लागलं. सैन्य कुरुक्षेत्राच्या वाटेला लागलं. एवढ्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे आणि दिल्ली ह्यांच्या मधे येऊन उभा राहिला. दक्षिणेतून आलेली फौज उत्तरेला आणि अफगाणिस्तानातून आलेली दक्षिणेला, अशी उलटापालट झाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून दोन्ही छावण्या पानिपतजवळ समोरासमोर बसल्या. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले, रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि छावणीत सैनिकांच्या जोडीला बाजारबुणगे आणि यात्रेकरू होतेच. 14 जानेवारीला भाऊ मैदानात उतरले, कारण आत बसून खायला काही उरलं नव्हतं. गोळी नंतर आली.

त्या दिवशीचा बेत शेजवलकर गोलाच्या लढाईचा मानतात. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ ह्यांच्या आधाराने सगळा जमाव एकत्र धरून दिल्लीकडे सरकायचं. गनिमी काव्यात मुरलेल्या सरदारांना ती शिस्त मानवली नाही. घोडदळ पुढे धावलं आणि आपल्याच तोफांची तोंडं बंद झाली. होळकरांचं निघून जाणंही त्यांनी सोडलेलं नाही. ह्यातलं सगळंच आजच्या अभ्यासकाला मान्य होईल असं नाही, मलाही होत नाही. भाऊंना ते जरा जास्तच सांभाळून घेतात. पण पराभवाला नशीब, शकुन, विश्वासरावांचा मृत्यू ही कारणं देऊन मोकळं व्हायची जी आपली सवय, तिच्यावर एवढा सज्जड घाव मराठीत दुसऱ्या कुणी घातलेला मला माहीत नाही.

‘निजाम-पेशवे संबंध’ ही त्यांची व्याख्यानं 1959 मध्ये पुस्तकरूपाने आली. पालखेडपासून खर्ड्यापर्यंतची हकिकत एका शेजाऱ्याच्या अंगाने सांगितलेली. माझ्या मते नवशिक्याने सुरुवात इथून करावी. पुस्तक आटोपशीर आहे, आणि रागही आवरता घेतलेला आहे.

आणि मग ते शिवचरित्र. शिवाजी महाराजांवर लिहायचं तर दक्षिणेचा आधीचा सगळा इतिहास पाठीशी हवा, परकीयांचे कागद हवेत, भूगोल हवा, असा त्यांचा आग्रह. आग्रह योग्यच, पण त्यातच आयुष्य सरलं. मी तो आराखडा पहिल्यांदा वाचला तेव्हा वैतागलो होतो. इतकी जुळवाजुळव करून माणसाने सरळ पहिलं प्रकरण लिहायला का बसू नये? पुढे स्वतः विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे आराखडे तपासू लागलो तेव्हा वैताग ओसरला. आता वाटतं, त्यांची खरी ताकद प्रस्तावनेतच होती. सलग, शांतपणे, शेवटपर्यंत कथा सांगणं त्यांच्या पिंडाला मानवलं नसतं. दर चार पानांनी ते कुणाशी तरी भांडायला थांबले असते.

अकादमीने नेमक्या ह्या अपुऱ्या पुस्तकाला पुरस्कार दिला, हे चुकलंच. त्यांचा उत्तम ग्रंथ ‘पानिपत’ होता आणि त्याची मराठी आवृत्ती निघाली तेव्हा ते हयात होते. 1988 मध्ये विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कादंबरी आली, ती महाराष्ट्राने डोक्यावर घेतली आणि आजही पानिपत म्हटलं की लोकांना तीच आठवते. कादंबरी जरूर वाचा. त्यानंतर वाचनालयात जाऊन शेजवलकरांचं ‘पानिपत’ मागा, शेजारी उत्तर हिंदुस्थानचा नकाशा पसरा आणि पहिल्यांदा त्यावर कुंजपुरा शोधा.