मनाची दुखापत आणि भरपाईचा कायदा

१४ एप्रिल हा दिवस आपल्याकडे बाबासाहेबांच्या जयंतीचा म्हणून पाळला जातो, आणि तो तसाच पाळला जावा. परंतु त्याच तारखेशी आणखी एक स्मरण निगडित आहे; ते या व्याख्यानाच्या आरंभी करणे आम्हांस उचित वाटते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या, आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळाही होता. आग विझविण्यास धावलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांपैकी ६६ जण त्या स्फोटांत गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते त्या वेळी बाबासाहेबांकडेच होते, हा योगायोगही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्या जवानांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ ते २० एप्रिल असा अग्निशमन सप्ताह पाळतात. जे गेले त्यांना आपण वंदन करतो. पण त्यांच्या शेजारी उभे राहून जे जिवंत परत आले, त्यांच्या पुढच्या रात्री कशा गेल्या, हे विचारण्याची रीत आपल्याकडे पडलेली नाही. आजचे आमचे बोलणे त्यांच्याविषयी आहे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळेत फार काळ बसण्याचा योग आला नाही. कायदा शिकलो तो दाव्याचे कागद लिहिता लिहिता. तेव्हा प्रथम कायद्याकडेच पाहू. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात दुखापतींची मापे आहेत. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे धरावे, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के, एक डोळा गेला व दुसरा शाबूत असला तर ४० टक्के. हे हिशेब कोणाला क्रूर वाटतील. आम्हांस ते तसे वाटत नाहीत, कारण माप ठरले म्हणजे मालकाला वाद घालण्याची जागा उरत नाही. त्याच कायद्यात व्यवसायजन्य रोगांचीही यादी आहे. शिशाची विषबाधा, धुळीने होणारे फुप्फुसांचे विकार वगैरे तीत आले. अशा कामावर असताना असा रोग झाला, तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरावयाचे, हे तत्त्व त्यात मान्य केलेले आहे. अग्निशमन दलात काम करणाऱ्याचे नावही कायद्याने कामगारांच्या यादीत घातले. परंतु या सगळ्या मापांत मनाला माप नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुने कायदे एकत्र केले, तरी यादीतली ही उणीव तशीच राहिली.

मनाला दुखापत होते हे माणसाला ठाऊक नव्हते असे मात्र नव्हे. इंग्लंडात आगगाड्या धावू लागल्या आणि अपघात होऊ लागले, तेव्हा अंगावर ओरखडा नसलेले प्रवासी झोप उडाल्याची व हातपाय कापत असल्याची तक्रार घेऊन येऊ लागले. जॉन एरिक एरिकसेन या शल्यवैद्याने १८६६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. रोग पाठीच्या कण्यात आहे असे त्याचे मत होते, ते पुढे टिकले नाही. पण वाद कशावरून पेटला ते पाहा: रेल्वे कंपनीने भरपाई द्यावी की न द्यावी, यावरून. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टराने खंदकांतून आलेल्या सैनिकांची अशीच लक्षणे नोंदविली. तरीही पुष्कळांना भित्रे ठरविण्यात आले. शेवटी १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने आघातोत्तर ताणविकार हे नाव आपल्या अधिकृत सूचीत घातले. ते घालावे म्हणून व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांनी संघटित होऊन दीर्घ झगडा केला होता. पुढे २०१० साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही या विकाराला व्यवसायजन्य रोगांच्या यादीत स्थान दिले. या सर्व इतिहासातून आम्ही एकच गोष्ट उचलतो. दुखापत आधीपासून असते. तिला नाव मिळते ते दुखावलेली माणसे एकत्र येऊन बोलू लागतात तेव्हा.

आता आपल्या जिल्ह्यांकडे वळू. १९८० च्या सुमारास नक्षलवादी चळवळ सिरोंच्याकडून गोदावरी ओलांडून आली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्याचा पूर्वभाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. पुढे १९९० च्या सुमारास स्थानिक तरुणांचे सी-६० हे पथक उभे राहिले. ज्या गावात जन्मलो त्याच गावात सणालासुद्धा जाता येत नाही, अशी पाळी या पथकातील कितीएक आदिवासी मुलांवर आली. २००९ हे साल तर काळेच म्हणावयाचे. १ फेब्रुवारीस मरकेगाव येथे १५, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे पाच महिलांसह १६, आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ १७. तीन घटनांत ४८ पोलीस गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी आणि कामगारदिनी, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस व त्यांच्या गाडीचा चालक असे १६ जण मारले गेले. प्रत्येक घटनेनंतर प्रेते गोळा करावयास, पंचनामा करावयास आणि घरच्यांना निरोप सांगावयास त्यांचेच सहकारी गेले. या माणसांना कोणत्या रकान्यात बसवावयाचे?

आगीच्या बाजूसही हेच. ३१ मे २०१६ च्या पहाटे शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात जो स्फोट झाला, त्यात आग विझविणारे कर्मचारी बळी पडले. आपल्या जंगलात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्यात जाळरेषा राखणारे वनमजूर राबतात, आणि त्यांना आगीबरोबर वाघाशीही गाठ घालावी लागते. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका वनरक्षक भगिनीला वाघिणीने ओढून नेले, तेव्हा बरोबरच्या वनमजुरांनी ते डोळ्यांदेखत पाहिले. इथे ऊर्जानगरात बसलेल्यांना हे सांगावयास नको. २९२० मेगावॉटच्या या वीजकेंद्राच्या परिसरात फेब्रुवारी २०२२ मध्ये पाळी संपवून घरी निघालेला कामगार वाघाने मारला, आणि दुसऱ्याच दिवशी दुर्गापुरात बिबट्याने एक मुलगा नेला. त्यांचा शोध घेण्यास जे गेले, तेही पगारी नोकरच होते.

मग या माणसांनी आवाज का उठविला नाही? कारण त्यांतील पोलिसांना आवाजच ठेवलेला नाही. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर मर्यादा घातल्या. महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना काही काळ होती. ऑगस्ट १९८२ मध्ये तिची मान्यता सरकारने काढून घेतली. १८ ऑगस्टला मुंबईत पोलिसांचा उद्रेक झाला व लष्कर बोलवावे लागले. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी गडचिरोली जिल्हा जन्माला आला. म्हणजे ज्या महिन्यात पोलिसाचे तोंड बंद झाले, त्याच महिन्यात त्याच्या सर्वांत कठीण नेमणुकीचा जिल्हा नकाशावर उमटला. शस्त्रधारी दलाने संप करावा असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याला संघटना नाही त्याचे दुखणे दुसऱ्या कोणी तरी मांडले पाहिजे, एवढे तरी कबूल व्हावे.

यावर कोणी म्हणेल की नक्षलग्रस्त भागात दीडपट पगार मिळतो, एकस्तर वेतनश्रेणी मिळते, आणखी काय हवे? श्रोतेहो, धोक्याचा भत्ता आणि जखमेचा इलाज या दोन वेगळ्या बाबी आहेत. भट्टीजवळच्या कामगाराला जादा पैसे दिले म्हणून भाजल्यावर त्याला मलम नाकारीत नाहीत. शिवाय भत्ता नेमणुकीबरोबर संपतो, आणि हा विकार पुष्कळदा उशिरा, कधी वर्षांनी, डोके वर काढतो. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. शरण येणाऱ्यांसाठी २००५ पासून पुनर्वसनाची योजना आहे, आणि ती असावी. मात्र बंदुका थंडावल्या म्हणजे पोलिसांच्या बदल्या होतील, पथके पांगतील, आणि दुखणे ज्याचे त्याच्या घरी जाईल. म्हणून ही बाब आताच निकाली काढली पाहिजे.

समुपदेशन म्हणजे सभागृहात तीनशे जवान बसवून दिलेले भाषण नव्हे. प्रसंगानंतर एकदाच बसवून सगळे बोलते करण्याने हा विकार टळत नाही, असे अनुभवान्ती दिसून आले आहे. प्रशिक्षित माणसाकडे आठवड्यामागून आठवडे जावे लागते, आणि तेही वरिष्ठांना चहाडी जाणार नाही या भरवशावर. सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये चार: येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर. भामरागडच्या शिपायाला त्यांतले जवळचे म्हणजे नागपूर, तीनशे किलोमीटरांहून दूर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या व शरीराच्या आजारांना विम्यात समान वागविण्यास सांगितले आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्लाही मिळतो. पण हक्क आणि उंबरठा यांतले अंतर पैशानेच तुटते.

तो पैसा कोठून यावा? पोलिसांपुरता तो गृहखात्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली यावा. अग्निशमनासाठी २००६ च्या राज्य कायद्याने इमारतींकडून अग्निसेवा शुल्क घेण्याची तरतूद केली आहे. त्यातला काही हिस्सा आग विझविणाऱ्याच्या मनासाठी राखावा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत २०१५ च्या कायद्याखालील खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, आणि आरोग्य हा त्याचा अग्रक्रमाचा विषय आहे. त्यातून तालुक्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ व समुपदेशक नेमता येतील. कारखान्यांच्या अग्निशमन दलांचा खर्च मालकाने सोसावा. आणि सर्वांच्या मुळाशी, रोगांच्या यादीत एक ओळ वाढवावी. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २०१६ साली पोलीस, अग्निशामक व रुग्णवाहिकेवरील कर्मचारी यांच्या बाबतीत हा विकार कामामुळेच झाला असे गृहीत धरण्याचा कायदा केला. १९२३ साली शिशाच्या बाबतीत आपण जे मान्य केले, तेच हे तत्त्व.

नगरपालिकांच्या आणि वीज केंद्रांच्या कामगारांना संघटना आहे. त्यांच्या मागण्यांच्या पत्रकात ही एक ओळ यंदा घालता येईल, आणि ती लिहिताना ज्यांना पत्रक काढण्याची मुभा नाही त्यांचाही उल्लेख करता येईल. पोलिसांशी मोर्चात आमच्या लोकांचे खटके उडालेले आहेत. लाठीचे वळ आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहेत. तरीही लाठी धरणारा हातही मजुरीवरच राबतो, ही गोष्ट कामगार चळवळीने विसरावयाची नाही. आपण नागरिकांनी आपल्या आमदारांना व नगरसेवकांना एवढेच विचारावे, की यंदाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी किती रुपये धरले आहेत. आकडा मिळाला तर तो वाढवून मागता येईल. आकडाच नसेल, तर आपले काम तेथूनच सुरू होते.