जुन्या चेतकचा दिवा: ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर

आजचा भाग एका दिव्याच्या इतिहासाचा.

जुनी बजाज स्कूटर आठवते का? निदान काकांची, मामांची? रात्री ॲक्सिलेटर सोडला की हेडलाइट मंद, रेस केली की पुन्हा भक्क उजेड. आखाडा बाळापूरहून रात्री कळमनुरीकडे निघालेल्या माणसासाठी ही गंमत नव्हती. खड्डा आला म्हणून वेग कमी करावा, तर नेमका तेव्हाच उजेड जायचा.

असं का? चेतक आली १९७२ मध्ये. त्याआधी बजाज इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर वेस्पा बनवायची, आणि चेतकची मूळ बनावटही तिथलीच. इंजिनासोबत मॅग्नेट फिरतं, आत तांब्याच्या कॉइल असतात. चुंबक कॉइलजवळून हललं की वीज तयार होते, हे फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलं होतं. मॅग्नेट जितकं जोरात फिरेल, तितका व्होल्टेज जास्त. बिनबॅटरीच्या गाड्यांत ही वीज थेट बल्बला जायची. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, मध्ये बफरच नव्हता!

रेग्युलेटरही नव्हता. बल्बच मिळून व्होल्टेज आवरून धरायचे. त्यामुळे मागचा बल्ब उडाला की पुढच्यावर ताण यायचा आणि तोही उडायचा. मग उरलेला रस्ता अंधारात.

मग नवी गाडी का नाही घ्यायची? कारण लायसन्स-परमिटच्या काळात स्कूटर बुक केली की वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. आहे तीच गाडी सुधारत राहणं भाग होतं.

सुधारणा म्हणजे ६ व्होल्टवरून १२ व्होल्ट. गणित सोपं आहे. २४ वॅटच्या दिव्याला ६ व्होल्टवर ४ अँपिअर करंट लागतो, १२ व्होल्टवर फक्त २. करंट निम्मा झाला की त्याच तारेत वाया जाणारी वीज पावपट होते. वायरिंग जुनी, गंजलेली असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो.

पण नुसता बल्ब बदलून भागत नाही. १२ व्होल्टच्या कॉइलची प्लेट, हॉर्न आणि आरआर युनिटही लागतं. हे युनिट उलटसुलट वाहणारा एसी करंट एका दिशेचा करतं आणि व्होल्टेज साधारण साडेचौदाच्या वर जाऊ देत नाही. मग बॅटरी जोडता येते. बऱ्याच जुन्या कॉइलचं एक टोक बॉडीला अर्थ केलेलं असतं, त्यामुळे साध्या जोडणीत अर्धीच लाट बॅटरीला मिळते. ते टोक सोडवून दोन्ही तारा फुल-वेव्ह युनिटला दिल्या की पूर्ण लाट कामी येते. रेग्युलेटर नसलेल्या गाडीला मात्र एलईडी लावू नका, उडेल.

पुढे कंपन्याही त्याच वाटेनं गेल्या. १९८४ च्या कायनेटिक होंडाला सेल्फ स्टार्ट होता, म्हणजे बॅटरी आलीच. नंतरच्या चेतकही १२ व्होल्टच्या झाल्या. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत चालूच राहतो. आणि २०२० मध्ये चेतक परत आली ती इलेक्ट्रिक होऊन. इंजिनच गेलं! आता चार्जिंग घरातल्या प्लगवर, आणि लोडशेडिंग असलं की थांबा.

घरी जुनी चेतक धूळ खात पडली असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा ओळखीच्या मेकॅनिकला तिची कॉइल तपासायला सांगा. तिचा दिवा अजून लागू शकतो. भेटू पुढच्या भागात!