ग्रँट डफ, जेम्स
(८ जुलै १७८९ – २३ सप्टेंबर १८५८). ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील अधिकारी, साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहासकार. मूळ आडनाव नुसते ग्रँट. ‘डफ’ हे आईकडची ईडनची इस्टेट मिळाल्यावर, म्हणजे हिंदुस्थान सोडल्यानंतर जोडले गेले. त्यामुळे साताऱ्यावर कारभार केला तो कॅप्टन ग्रँटने.

जन्म स्कॉटलंडमधील बँफ येथे. शिक्षण ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात. घरच्यांच्या मनात मुलकी नोकरी होती. पण तेवढा धीर न धरता तो १८०५ मध्ये कॅडेट म्हणून मुंबईला निघाला. १८०८ मध्ये काठेवाडातील मालियाच्या हल्ल्यात त्याने शौर्य गाजवले. पलटणीत तो ॲडज्युटंट आणि फार्सी दुभाषा होता. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्याला हाताखाली घेतले आणि तलवार मागे पडून दप्तर पुढे आले.

पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये छत्रपती प्रतापसिंहांना गादीवर बसवून कंपनीने ग्रँटला साताऱ्यास नेमले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने नीरा-भीमा ते वारणा-कृष्णा हा मुलूख राजांना मिळाला खरा, पण कारभार ग्रँटच्याच हाती राहिला. राजांना राज्य चालवायला शिकवणे हे त्याचे काम. शिवाजी महाराजांच्या वंशजाला असे शिकवण्यातला विरोधाभास त्याला जाणवला असेल-नसेल. फलटण, जत, अक्कलकोट, औंध, भोर येथील जहागीरदारांशी करारही त्यानेच केले. १८२२ मध्ये राजांकडे अधिकार सोपवून, प्रकृती ढासळल्याने तो मायदेशी परतला. प्रतापसिंहांना मात्र १८३९ मध्ये कंपनीनेच पदच्युत केले.

साताऱ्याचे आणि पेशव्यांचे कागद हाताशी असल्यामुळेच त्याचा तीन खंडी मराठ्यांचा इतिहास (१८२६) उभा राहिला. कॅप्टन केपन व बाबा साने यांनी त्याचे मराठी भाषांतर केले; महाराष्ट्रात तो ‘ग्रँट डफची बखर’ म्हणून ओळखला गेला. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये त्यातल्या चुकांवर निबंध वाचला. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीतल्या वाळल्या गवताला लागलेला वणवा, ही डफची उपमा न्यायमूर्ती रानड्यांना पटली नाही. त्यांनी त्यामागे संतांची चळवळ व समाजाची तयारी दाखवली. डफचा कल लढाया आणि तहांकडे होता, माणसांच्या जगण्याकडे नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. तरी त्याला वगळणे कोणालाच जमले नाही. वापरलेल्या काही हस्तलिखितांच्या प्रती त्याने मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्या होत्या. काशीनाथ त्र्यंबक तेलंगांनी शोध घेतला तेव्हा त्या तेथे नव्हत्या.